‘श्यामची आई’ कोणत्या कपाटात? : एका मराठी शाळेतल्या वर्गांकांचं प्रकरण

मे महिन्याच्या शेवटी आमचे शिपाईमामा निवृत्त झाले. जूनमध्ये शाळा उघडली आणि आठवडाभरातच कळलं, की ग्रंथालयातलं कुठलंही पुस्तक मागितलं तर ते कुठे आहे हे सांगणारं शाळेत आता कुणी नाही.

शाळा सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची, मराठी माध्यमाची, पाचवी ते दहावी. मी तिथे अर्धवेळ ग्रंथपाल. पुस्तकं तीन हजारांच्या थोडी वर, सात लोखंडी कपाटांत, प्रत्येक फळीवर दोन रांगा, एकीच्या मागे एक. ती लावली होती दाखल क्रमांकाने, म्हणजे ज्या क्रमाने विकत घेतली त्या क्रमाने. नकाशांच्या पुस्तकाशेजारी नाटक, नाटकाशेजारी कुक्कुटपालन. दाखल नोंदवही चोख होती. तारीख, लेखक, प्रकाशक, किंमत, बिल क्रमांक, सगळं व्यवस्थित. ऑडिटला ती पुरते. पण पुस्तक कोणत्या साली घेतलं हे सांगून कुणी मूल पुस्तक मागत नाही.

आजवर हे चाललं ते मामांमुळे. जूनमध्ये मी त्यांना दोन-तीनदा फोन केला. “मॅडम, ते सावित्रीबाईंचं निळं ना? तिसरं कपाट, खालनं दुसरी फळी, आतली रांग. पुढची रांग काढावी लागंल बघा.” पुस्तक तिथेच असायचं. त्यांना ते रंगाने, जाडीने आणि कोण नेतं यावरून लक्षात होतं. इतक्या वर्षांत त्यांचं ते ज्ञान कुणीही कागदावर उतरवून घेतलं नाही, याची मला आजही खंत वाटते.

गाडं अडलं ते १ ऑगस्टच्या आधी. त्या दिवशी लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी असते आणि अण्णा भाऊ साठे यांची जयंतीही. दोन्हींवर भाषणं असतात. आदल्या दुपारी आठवीतली एक मुलगी आली, “मॅडम, अण्णा भाऊंची माहिती पाहिजे.” तासभर शोधून मला ‘फकिरा’ सापडली. ती त्यांची कादंबरी. मुलीला हवं होतं त्यांचं चरित्र. ते शाळेत होतं, नोंदवहीत त्याचा क्रमांकही होता, पण हाती लागलं ३ ऑगस्टला, दुसऱ्या कपाटाच्या आतल्या रांगेत, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्याखाली. मुलीने भाषण पाठ्यपुस्तकातल्या लेखक-परिचयावर भागवलं होतं. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचं सूत्र मी परीक्षेत लिहिलं होतं. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. मुख्याध्यापकांकडे जाऊन दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली आणि सगळ्या पुस्तकांना विषयवार वर्गांक, म्हणजे विषय सांगणारे अंक, द्यायचं ठरवलं.

पद्धत कोणती, यावर फार वेळ घालवला नाही. रंगनाथनांची द्विबिंदू पद्धती १९३३ सालची, आपल्या मातीतली, आणि विषयाची फोड करण्यात तिला तोड नाही. पण तिच्यातली अक्षरं, अंक आणि विरामचिन्हं पाचवीच्या मुलाला कपाटापाशी उभं राहून लावता येत नाहीत. विषयांना नुसते अंक देणारी ड्युईची दशांश पद्धती निवडली, तीही संक्षिप्त. संक्षिप्त आवृत्ती वीस हजार ग्रंथांपर्यंतच्या लहान ग्रंथालयांसाठीच केलेली आहे, आणि आम्ही त्या मर्यादेच्या खूपच अलीकडे. जिथे आमचा संग्रह दाट तिथे तेवढे पुढचे अंक वाढवायचे, बाकी ठिकाणी तीन अंकांवर थांबायचं. पक्ष्यांचं पुस्तक ५९८, झालं. बुलबुलासाठी वेगळा अंक कशाला, पक्ष्यांची सगळी पुस्तकं मिळून अर्धी फळीसुद्धा भरत नाही.

मात्र ड्युईंनी ही पद्धती अमेरिकेतल्या ॲमहर्स्ट कॉलेजच्या ग्रंथालयात बसून बेतली आणि १८७६ साली छापली, हे विसरून चालत नाही. पहिली आवृत्ती अवघ्या ४४ पानांची. समोर जी पुस्तकं होती त्यांना तिच्यात ऐसपैस जागा मिळाली. धर्माच्या दालनात २२० ते २८० ख्रिस्ती धर्माला आणि जगातले उरलेले सगळे धर्म २९० मध्ये. हिंदू धर्म २९४.५, बौद्ध २९४.३, इस्लाम २९७. साहित्यातही तेच. अमेरिकन साहित्याला ८१०, इंग्रजीला ८२०, आणि मराठी कादंबरीला ८९१.४६३.

हा आकडा जरा उलगडून बघू, कारण आमचं निम्मं प्रकरण त्याच्यातच आहे. ८ म्हणजे साहित्य. ८९१ मध्ये इतर अनेक भाषांबरोबर आपल्याकडच्या भाषा येतात. ८९१.४ म्हणजे आधुनिक भारतीय भाषा, त्यात .४६ मराठी, आणि शेवटचा ३ कथात्म साहित्याचा. कविता १, नाटक २, निबंध ४. तर्क पक्का आहे. पण मराठी शाळेच्या ग्रंथालयात निम्म्याहून जास्त पुस्तकं मराठी साहित्याची. म्हणजे तीन कपाटं भरून प्रत्येक पुस्तकाच्या कण्यावर ८९१.४६, ८९१.४६, ८९१.४६. ज्या अंकाने काहीच वेगळं होत नाही तो दीड हजार वेळा लिहायचा, आणि फरक दाखवणारा एकच अंक शेवटी. मुलं शेवटपर्यंत वाचत नाहीत. मी पहिल्या पन्नास पुस्तकांना असे वर्गांक लावले आणि सातवीच्या चार मुलांना पुस्तकं परत लावायला सांगितलं. कविता, नाटकं, कादंबऱ्या, सगळी एकत्र लागली. मुलांची चूक नव्हती.

यावरचा उपाय ड्युईतच दिलेला आहे. आपल्या ग्रंथालयाची जी मुख्य भाषा, तिच्या साहित्याला छोटा अंक हवा असेल तर ते ८१० मध्ये आणावं, किंवा अक्षरचिन्ह देऊन सगळ्यांच्या आधी ठेवावं, अशी मुभा आहे. आम्ही अक्षर घेतलं. म१ कविता, म२ नाटक, म३ कथा-कादंबरी, म४ ललित निबंध. तालिकेत, म्हणजे पुस्तकांच्या सूचीत, पूर्ण अंक राहू दिला, म्हणजे उद्या दुसऱ्या ग्रंथालयाशी ताळा करायचा झाला तर अडचण नाही. कण्यावर फक्त ‘म३’ आणि खाली लेखकाच्या आडनावाची अक्षरं. त्याच चार मुलांनी तीच पन्नास पुस्तकं एका तासिकेच्या आत बरोबर लावली. या सगळ्या कामात मला सर्वांत जास्त आनंद त्या तासिकेने दिला.

आडनावाच्या अक्षरांतही एक गाठ होती. कुसुमाग्रज की शिरवाडकर? शास्त्र म्हणतं एकच नाव धरा. पण त्यांच्या कवितासंग्रहावर कुसुमाग्रज असतं आणि ‘नटसम्राट’वर वि. वा. शिरवाडकर, आणि म१ व म२ तशाही वेगळ्या फळ्या आहेत. म्हणून मुखपृष्ठावरचंच नाव ठेवलं आणि तालिकेत एकमेकांकडे ‘पहा’ अशी नोंद केली.

आता वर्गांक ठरवण्याच्या कामाबद्दल. पुस्तकाच्या नावावरून वर्गांक देऊ नये, हे सगळे सांगतात आणि घाईत सगळेच देतात. मीही दिला. जयंत नारळीकरांची दोन पुस्तकं एकाच गठ्ठ्यात आली, ‘आकाशाशी जडले नाते’ आणि ‘यक्षांची देणगी’. पहिलं खगोलशास्त्र समजावून सांगणारं, त्याला ५२०. दुसरं विज्ञानकथांचं. पण लेखकाचं नाव डोक्यात पक्कं असल्यामुळे मी त्यालाही हात न थांबवता ५२० लिहिलं. अनुक्रमणिका उघडली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं. त्यानंतर नियमच केला. नाव, मग अनुक्रमणिका, मग प्रस्तावनेचं पहिलं पान, मग मलपृष्ठ, आणि त्याच्यानंतरच पेन्सिल.

‘यक्षांची देणगी’ म३ मध्ये गेली तेव्हा नववीतल्या एका मुलाने विचारलं, “मॅडम, नारळीकर सरांची सगळी पुस्तकं एका जागी का नाहीत?” प्रश्न रास्त होता. पुस्तक एका वेळी एकाच फळीवर राहू शकतं. विषयाने लावलं तर लेखक विखुरतो, लेखकाने लावलं तर विषय. जे वर्गांकाने जमत नाही ते तालिकेने करायचं असतं. त्या मुलाला मी लेखकांच्या याद्यांची वही दिली, आणि त्याने दोन्ही फळ्यांवर जाऊन दोन्ही पुस्तकं नेली.

लोककथांनी वेगळीच अडचण दाखवली. इसापनीती, पंचतंत्र, अकबर-बिरबल यांची योग्य जागा ३९८.२, म्हणजे समाजशास्त्रांच्या दालनात. शास्त्र म्हणून ते मला पूर्ण पटतं. या गोष्टी एका लेखकाच्या नाहीत, त्या समाजाच्या तोंडी वाढल्या. पण त्या फळीवर शेजारी शिक्षणपद्धतीची आणि शिष्टाचाराची पुस्तकं. पाचवीचं मूल तिकडे का जाईल? इथे वर्गांक बदलायचा मोह होतो आणि तो टाळायला हवा. अंक सांगतो पुस्तक कशाबद्दल आहे, पुस्तक कुठे ठेवायचं हे वेगळं चिन्ह सांगू शकतं. आम्ही ३९८.२ तसाच ठेवून वर ‘ब’ लिहिलं, बालविभागाचा. खिडकीखाली मुलांच्या छातीइतक्या उंचीची एक लाकडी मांडणी आहे, ‘ब’ची सगळी पुस्तकं तिथे. यातली बरीच बत्तीस पानांची, पिना मारलेली. त्यांना कणाच नसतो, म्हणून चिठ्ठी मुखपृष्ठाच्या डाव्या कोपऱ्यात.

चरित्रांचा निर्णय १ ऑगस्टनेच करून टाकला होता. सगळी चरित्रं आणि आत्मचरित्रं एकत्र, ‘च’ या चिन्हाखाली, आणि खाली अक्षरं लेखकाची नव्हेत, ज्याचं चरित्र त्याची. विषयाप्रमाणे जायचं तर ‘एक होता कार्व्हर’ शेतीत, टिळक इतिहासात, असं सगळं पांगलं असतं. पण शाळेचं वर्ष जयंती-पुण्यतिथ्यांच्या तारखांवर चालतं. ३ जानेवारीला सावित्रीबाई, १९ फेब्रुवारीला शिवाजी महाराज, १४ एप्रिलला बाबासाहेब, २ ऑक्टोबरला गांधीजी. मुलं व्यक्तीच्या नावाने विचारतात, तर व्यक्तीच्या नावानेच सापडू दे. अण्णा भाऊंचं चरित्र च/साठे, ‘फकिरा’ म३/साठे. तालिकेत या दोन ओळी एकाखाली एक आल्या तेव्हा मी त्या आठवीतल्या मुलीला बोलावून दाखवल्या.

आणि मग ‘श्यामची आई’.

तिच्या सहा प्रती निघाल्या, चार वेगवेगळ्या कपाटांत. मी म३ लिहिलं, साने. मराठीचे आमचे ज्येष्ठ सर, जे दर शनिवारी मदतीला यायचे, त्यांनी पुस्तक हातात घेतलं आणि मनापासून दुखावल्यासारखे म्हणाले, “ही कादंबरी नाही बाई. हे खरं आहे. गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात रडत रडत लिहिलंय हे. चरित्रात ठेवा.” वर्गशिक्षिका मॅडमचं म्हणणं तिसरंच, की मूल्यशिक्षणाच्या तासाला लागतं, म्हणून नीतिशास्त्रात, १७० मध्ये.

तिघांचंही काही ना काही बरोबर होतं. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ते लिहिलं आणि त्यातला जिव्हाळा त्यांच्याच घरचा आहे, यात वाद नाही. पण चरित्राचा आमचा नियम असा, की ज्याचं आयुष्य त्याच्या नावाखाली पुस्तक लागतं. मग हे कुणाच्या नावाखाली लावायचं? पुस्तकात पांडुरंग सदाशिव साने असं कुणी नाही, श्याम आहे. बेचाळीस रात्री आहेत, ऐकायला जमलेली माणसं आहेत, रोज रात्री एक आठवण सांगितली जाते. लेखकाने आपल्या आयुष्याला जाणूनबुजून गोष्टीचं रूप दिलं आहे आणि स्वतःला दुसरं नाव घेतलं आहे. साहित्यकृतीला वर्गांक देताना तिचं रूप आधी बघतात, त्यातली घटना खरी की कल्पित हे नंतर. १७० चा मुद्दा मला सर्वांत कच्चा वाटला. पुस्तकाने संस्कार होतो म्हणून ते संस्काराबद्दलचं पुस्तक होत नाही. तसं धरलं तर अर्धं ग्रंथालय १७० मध्ये जाईल, आणि त्या फळीवर आपणहून हात घालणारं मूल मला अजून दिसलेलं नाही.

सरांना मी एवढंच विचारलं, “सर, तुम्ही हे पहिल्यांदा कसं वाचलंत?” ते म्हणाले, “गोष्ट म्हणूनच.” थोडा वेळ थांबून त्यांनीच पेन्सिल घेतली आणि पाचही उरलेल्या प्रतींवर म३ लिहिलं. सहाच्या सहा प्रती आता एकत्र आहेत. एकाच पुस्तकाच्या प्रती दोन ठिकाणी ठेवून सगळ्यांना खूश करणं सोपं होतं, पण मग देवघेवीच्या वेळी एक प्रत बाहेर आणि दुसरी कुठे, हे पुन्हा कुणा मामांनाच विचारावं लागलं असतं.

ज्ञानेश्वरीबद्दल वाद झाला नाही, पण विचार करावा लागला. ती काव्य आहेच, शके १२१२ मधलं. पण ती गीतेवरची टीका, म्हणजे भाष्य आहे, आणि टीका मूळ ग्रंथाशेजारी ठेवतात, म्हणून २९४.५९२४. तुकारामांची गाथा कुठल्या दुसऱ्या ग्रंथावरचं भाष्य नाही, ती म१. नववी-दहावीला संतकाव्य शिकवताना दोन्ही लागतात, म्हणून म१ च्या फळीच्या टोकाला पुठ्ठ्याची पाटी लावली आहे : ‘ज्ञानेश्वरी २९४.५९२४ पाशी पहा’. महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२. पाठ्यपुस्तकांमुळे इतिहासाची मागणी सतत असते, म्हणून इथे अंक पूर्ण लिहिले.

एक चूक मात्र तपशिलाने सांगायला हवी, कारण ती कुठल्याही मराठी शाळेत होऊ शकते. माझ्या आधीच्या कुणीतरी काही पुस्तकांना फार सुंदर अक्षरात वर्गांक दिले होते, मराठी अंकांत. ते मी तसेच संगणकावर चढवत होते, तिथे अंक इंग्रजी. दसऱ्यानंतर एका मुलाला शब्दकोश हवा होता. तालिकेत बघितलं तर तो कादंबऱ्यांत. फळीवर बघितलं तर खरंच कादंबऱ्यांत, दोन ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या मध्ये. जुनी चिठ्ठी नखाने खरवडून बघितली. तिच्यावर होतं ४९१.४६३. ४ म्हणजे भाषा, ४९१.४६ मराठी भाषा, आणि इथे शेवटचा ३ म्हणजे शब्दकोश. मी पहिला ४ इंग्रजी आठ समजून टंकला होता. झालं ८९१.४६३, मराठी कथा-कादंबरी! आणि तसा अंक अस्तित्वात असल्यामुळे, अगदी पटण्यासारखा असल्यामुळे, कुणालाच शंका आली नाही. मराठी ४ आणि इंग्रजी आठ, मराठी १ आणि इंग्रजी नऊ, घाईत डोळा फसतोच. त्या दिवसापासून चिठ्ठ्या, तालिका, पाट्या सगळीकडे एकच लिपी, मराठी. आणि ४९१ ने सुरू होणारं प्रत्येक पुस्तक मी पुन्हा हातात घेऊन तपासलं. आणखी दोन सापडली, एक व्याकरण आणि एक म्हणींचा कोश.

ही सगळी कामं करताना एक जाड दोनशे पानी वही टेबलावर उघडी असायची. तिला आम्ही निर्णयवही म्हणतो. डावीकडे पुस्तक, मध्ये ठरलेला वर्गांक, उजवीकडे कारण, एका वाक्यात. “योगासनांची पुस्तकं ६१३ मध्ये, कारण मुलं व्यायामासाठी मागतात, योगाचं तत्त्वज्ञान असेल तरच १८१.” पुढच्या वेळी तसंच पुस्तक आलं की वही बघायची, नव्याने विचार करायचा नाही. वर्गांक थोडा कमी अचूक असला तरी मूल शोधून काढतं. पण आज ६१३ आणि उद्या १८१ असं झालं तर सापडणारच नाही. नवीन ग्रंथपाल आला आणि त्याला माझा निर्णय पटला नाही, तर त्याने खुशाल बदलावा, पण सगळ्या पुस्तकांचा एकदम बदलावा आणि वहीत तारीख घालावी.

दिवाळीची मुदत पाळता आली नाही. जानेवारी उजाडला. बाइंडिंगची पुस्तकं सर्वांत शेवटी राहिली, कारण लाल रेक्झिनमध्ये बांधताना कित्येकांची मुखपृष्ठं आणि नावाची पानं गेली होती, आणि दाखल क्रमांकावरून एकेकाचं नाव नोंदवहीत शोधावं लागलं. कसर लागलेली शंभरेक पुस्तकं रीतसर बाद केली. दुहेरी रांगा बंद केल्या. त्यासाठी दोन मांडण्या वाढवून मिळाल्या, त्याबद्दल मुख्याध्यापकांची मी ऋणी आहे.

सगळं जमलं असं नाही. शिष्यवृत्ती परीक्षेची मार्गदर्शकं वर्गांक देण्याच्या आत जुनी होतात, त्यांना अंक न देता वेगळ्या रॅकवर साल लिहून ठेवली आहेत. लहान मुलं अजूनही अंकापेक्षा कण्यावरच्या रंगीत पट्टीवर भरवसा ठेवतात, आणि तेही ठीक आहे.

मामा फेब्रुवारीत एकदा शाळेत आले होते. नातवासाठी पुस्तक हवं होतं, “ते कोल्ह्याचं, पिवळं.” मी उठणार तेवढ्यात सहावीतली एक मुलगी त्यांना खिडकीखालच्या मांडणीपाशी घेऊन गेली, “आजोबा, ब, तीनशे अठ्ठ्याण्णव, इथं.” पुस्तक आता पिवळं नव्हतं, नवीन कव्हर घातलं होतं. त्यांनी आत उघडून दाखल क्रमांक बघितला आणि मान हलवली.

निर्णयवहीत एकच नोंद अजून पेन्सिलीत आहे, इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ची. महाभारताबद्दलचं म्हणून २९४.५९२३? पण इरावतीबाई महाभारताकडे धर्मग्रंथ म्हणून बघतच नाहीत, कुंती, द्रौपदी, कर्ण यांच्याकडे माणसं म्हणून बघतात. मग लेख आहेत म्हणून म४? सर म४ म्हणतात, माझा कल अजून २९४.५९२३ कडे आहे, कारण महाभारत मागायला येणारं मूल त्याच फळीपाशी उभं राहतं आणि तिथे हे पुस्तक त्याला भेटायला हवं. तोवर प्रत माझ्या टेबलावर आहे, चिठ्ठी न लावलेली. गेल्या आठवड्यात दहावीच्या दोघी जणी तिथूनच ती घेऊन गेल्या.